घर जळालं नव्हतं

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात मोजणीचं काम करणाऱ्याला ओसाड घरांचं अप्रूप राहत नाही. गव्हाच्या नाहीतर मसुराच्या सपाट रानात मध्येच झुडपांचा एखादा चौकोन दिसला की समजायचं, इथे कधी काळी चूल पेटत होती. झाडं आपसूक उगवली असती तर चौकोनात उगवली नसती. वारा आणि बर्फ अडवायला कुणीतरी ती रांगेत लावलेली असतात. आत शिरलं की कुठे कलंडलेलं छप्पर, कुठे नुसता तळघराचा खड्डा. आम्हा मोजणीवाल्यांना या जागा म्हणजे डोकेदुखी. झाडीखाली उपग्रहाचा सिग्नल तुटतो, गवतात दडलेली काटेरी तार बुटात अडकते आणि जुन्या विहिरीवरच्या फळ्या कधीच्या कुजलेल्या असतात. त्यामुळे नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावून ठेवायचं: काठीने चाचपल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, त्यामुळे टिपण, फाळणी, चतुःसीमा हे शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकले. कराडला सिव्हिल केलं, इकडे आले आणि फिरून तोच धंदा पदरात पडला. फरक इतकाच की बाबा मोजणीला जायचे तेव्हा बांधाच्या दोन्ही अंगांना माणसं तावातावाने उभी असायची. इथे दिवसदिवस माणूस दिसत नाही.

इथली जमीन मोजली गेली ती माणसं यायच्या आधी. म्हणजे सरकारच्या लेखी जी माणसं होती ती यायच्या आधी. बाकीच्यांविषयी पुढे येईलच. १८७१ मध्ये सुरू झालेल्या डोमिनियन लँड सर्व्हेने अमेरिकेच्या सरहद्दीपासून, ४९ अक्षांशापासून, उत्तरेकडे चौकटी आखत नेल्या. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात एकेक मैलाचे ३६ सेक्शन, एका सेक्शनचे ६४० एकर आणि त्याचे चार भाग केले की १६० एकरांचा क्वार्टर. आमच्याकडे रानाला नाव असतं, माळाची पट्टी, ओढ्याकडचं, चिंचेखालचं. इथे नुसता नंबर, पण तो नंबर इतका चोख की रात्री अंधारातही माणूस त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहील. कोपऱ्यावर लोखंडी खुंटी ठोकायची, भोवती चार खड्डे खणायचे आणि त्यांची माती मध्ये ढिगारा करून लावायची, अशी त्या काळची खूण. न नांगरलेल्या गवतात ते खड्डे आजही पायाला जाणवतात.

"बाबा, यांची साखळी ६६ फुटांची होती," मी एकदा फोनवर सांगितलं.

"मग आपली ३३ ची, तिच्या निम्मी. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, विसरलीस काय? साहेबानं तिकडंबी तीच साखळी ओढली म्हणायची." बाबांना त्या दिवशी कॅनडा एकदम ओळखीचा वाटायला लागला.

माझा कामावरचा जोडीदार इथलाच. पणजोबा युक्रेनमधून आलेले. हे पोरगं आठवडाभर जीपीएस खांद्यावर घेऊन फिरतं आणि सुटीच्या दिवशीही जीपीएसच हातात धरून फिरतं. त्याला जिओकॅशिंगचा नाद. मला तो खेळ आधी निव्वळ पोरकटपणा वाटायचा. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवून परत यायचं. डब्यात काही खेळणी-बिळणी असतात. एखादी उचलली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कारण माणसांआधी तिचा पत्ता अस्वलांना आणि रॅकूनना लागतो. डबा जमिनीत पुरायचा नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं. आणि जागा ज्याची असेल त्याची परवानगी हवी. सस्कॅचेवानमध्ये तर १ जानेवारी २०२२ पासून कायदाच आहे की आधी विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकायचं नाही, मग तिथे पाटी असो वा नसो.

खेळाचा जन्म मात्र आमच्या धंद्याला खेटूनच झालेला. अमेरिकी सैन्य जीपीएसचा नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटरने चुकायचं. २ मे २००० ला अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती बिघडवणूक बंद झाली आणि एका रात्रीत तीच यंत्रं वीसेक मीटरच्या आत खूण दाखवू लागली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत काय काय होतं, तर पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा. माइक टीग या गृहस्थाने ती सर्वांत आधी शोधली. सप्टेंबरात जेरेमी आयरिशने संकेतस्थळ सुरू केलं आणि खेळ जगभर गेला. खेळाडू आकडे अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानापर्यंत. ते शेवटचं स्थान उत्तर-दक्षिण पावणेदोन मीटरच्या जरा वर जातं, आणि आमच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सव्वा मीटरपेक्षा कमी. सेंटिमीटरवर भांडणाऱ्या माझ्यासारखीला ते ढिलं वाटतं, पण डबा शोधायला पुष्कळ झालं. उरलेलं काम डोळ्यांनी करायचं असतं, आणि त्यातच गंमत आहे असं जोडीदार म्हणतो.

तर स्विफ्ट करंटच्या उत्तरेला, कोरडवाहू टापूत, आम्हाला एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम मिळालं. दोन सेक्शनमध्ये रस्त्यासाठी सोडलेली पट्टी एक साखळी रुंद, ६६ फूट. पण आताची पेरणीयंत्रं आणि धान्याचे ट्रक तिच्यात मावत नाहीत, म्हणून लगतच्या क्वार्टरमधून आणखी एक पट्टी घ्यायची होती. त्या क्वार्टरच्या कडेला झुडपांचा तसाच एक चौकोन. गाडी थांबवली आणि जोडीदार म्हणाला, "इथे एक पेटी आहे. मी मागे येऊन गेलोय."

कॅरागानाच्या दाट झुडपाच्या बुडाशी, फांद्यांनी झाकलेली, बंदुकीच्या गोळ्यांची हिरवी लोखंडी पेटी. सैन्यातून निकाली निघालेल्या या पेट्या जिओकॅशवाल्यांच्या फार लाडक्या, कारण झाकणाला रबर असतं आणि पाणी शिरत नाही. आत प्लास्टिकचा डायनासोर, हॉकीपटूंची पत्ती, एक जर्मन नाणं आणि झिपच्या पिशवीत वही. सोबत शिसपेन्सिल. इथल्या थंडीत बॉलपेनची शाई गोठते, पेन्सिल कुठल्याही तापमानाला चालते. वहीत वर्षानुवर्षांच्या सह्या. बहुतेकांनी नाव, तारीख आणि आभाराची आद्याक्षरं एवढंच लिहिलेलं. एकाने उणे ३१ तापमान नोंदवून पुढे उद्गारचिन्ह दिलं होतं.

पेटी ठेवणाऱ्याने खेळाच्या पानावर जागेची हकिगतही लिहिली होती, ती जोडीदाराने फोनवर वाचून दाखवली. १९१० च्या सुमाराला एक नॉर्वेजियन कुटुंब इथे आलं. तीसच्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं घर जळालं, कुटुंब निघून गेलं आणि पुढे त्यांचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. अशा हकिगती मी ढिगाने वाचल्यात. आग, दुष्काळ, बेपत्ता कुटुंब. झाडीतून वारा वाहत असताना वाचल्या की अंगावर काटा येतो.

मी तळघराच्या खड्ड्याकडे गेले, ते काटा यावा म्हणून नव्हे. पायाच्या दगडांचे कोपरे नकाशात घ्यायचे होते. तीन बाजूंचे दगड जागच्या जागी होते. चौथी, दक्षिणेची बाजू रिकामी, आणि तिथले दगड थोडे लांब, एका ओळीत नीट मांडून ठेवलेले. जळून कोसळलेल्या घराचे दगड कुणी असे मांडून ठेवत नाही. मी काठीने खड्ड्याचा तळ उकरला. जळालेलं घर ओळखायच्या खुणा ठरलेल्या असतात: कोळशाचा थर, वितळून गोळा झालेली काच आणि मुठीमुठीने खिळे, कारण लाकूड जळतं पण खिळा राहतो. इथे पानांचा कुजका थर, त्याखाली पिवळी माती आणि एक फुटकी तामचिनी थाळी. बिडाचा स्टोव्ह नाही. विटांच्या धुराड्याचा ढीग होता, पण घराबाहेर, एका अंगाला.

"हे घर जळालेलं नाही," मी म्हणाले.

"पानावर तसं लिहिलंय."

"लिहिलं असेल. कोळसा कुठाय?"

त्याने खाली उतरून स्वतः उकरून पाहिलं. "मग काय झालं असेल?"

"उचलून नेलंय."

त्याला हसू आलं नाही, कारण प्रेअरीत घर उचलून नेणं ही नवलाची गोष्ट नाही. लाकडी सांगाड्याची ही घरं पायावर नुसती बसलेली असतात. खालून दोन लांब तुळया सारायच्या, घर त्यांच्यावर घ्यायचं आणि जमीन गोठली की घोड्यांनी किंवा ट्रॅक्टरने ओढायचं. तुळया आत घालायला पायाची एक बाजू मोकळी करावी लागते.

आमच्या ऑफिसात जुने टाउनशिप नकाशे आणि सर्व्हेअरच्या टिपणवह्या रोजच्या कामात लागतात. क्वार्टरचा नंबर हातात असेल तर प्रांताच्या अभिलेखागारात त्या जमिनीची होमस्टेडची फाइलही निघते. कामासाठी तिची गरज नव्हती. तरी मी ती मागवली.

होमस्टेडचा व्यवहार असा होता. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने दहा डॉलर भरले की १६० एकर तुमच्या नावाने लागायचे. पण लागायचे म्हणजे कच्चे. तीन वर्षं, दर वर्षी सहा महिने, तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेले एकर मोडून पेरायचे, आणि मग पक्क्या मालकीचा अर्ज करायचा. त्या अर्जात शपथेवर उत्तरं द्यायची, शिवाय दोन शेजाऱ्यांनी शपथेवर दुजोरा द्यायचा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पंच." तसंच.

माझ्यासमोरच्या अर्जातला माणूस नॉर्थ डकोटातून आलेला. पहिल्या वर्षी आठ एकर मोडले. घर चौदा बाय वीस फुटांचं, लाकडी, किंमत अडीचशे डॉलर. एक गोठा. एक विहीर. कुंपण अर्ध्या मैलाचं. घोडे दोन, पुढच्या वर्षी चार. एका शेजाऱ्याने सही केली होती, दुसऱ्याने फुली मारून साक्षीदार घेतला होता. मला त्या कागदात जीव गुंतवणारं काही सापडेल असं वाटलं नव्हतं, पण 'आपण या जमिनीवर सलग राहिलात का' या प्रश्नाच्या उत्तराने मी थबकले. हिवाळ्यात रेल्वेच्या कामावर मजुरीला गेलो होतो, असं त्याने लिहिलं होतं, आणि पुढे, बायको आणि मुलं घरीच होती.

पूर्ण फाइलमध्ये त्या बाईचा उल्लेख एवढाच. नाव नाही. चौदा बाय वीसच्या खोलीत, उणे तीस-चाळीसमध्ये, लहान मुलं घेऊन ती हिवाळाभर राहिली म्हणून सहा महिन्यांच्या वास्तव्याची अट पुरी झाली. जमीन नवऱ्याच्या नावावर लागली. तिला स्वतःला अर्ज करताच आला नसता. अविवाहित बाईला होमस्टेड मिळत नसे आणि नवरा असलेलीलाही नाही. विधवा किंवा पदरी मुलं असलेली कुटुंबप्रमुख असेल तरच. जॉर्जिना बिनी-क्लार्क ही इंग्रज लेखिका फोर्ट क्वापेलजवळ शेती करत होती, तिला ती जमीन रोख पैसे मोजून विकत घ्यावी लागली. आपल्या शेतीचा जमाखर्च तिने १९१४ मध्ये पुस्तकातून मांडला आणि बायकांना होमस्टेड द्या म्हणून ओटावाशी झगडली. आपल्याकडेही सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढावं म्हणून शेतकरी संघटनेला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढावी लागली होती, हे इथे सांगायला हरकत नाही. जमीन सांभाळते कोण आणि कागदावर येतो कोण, यातला फरक दोन्हीकडे सारखाच.

पक्की सनद मिळाली आणि फाइल संपली. सरकारला जेवढं विचारायचं होतं तेवढं विचारून झालं. त्यापुढचं जमिनीच्या हक्कनोंदणीत: गहाण, पुन्हा गहाण, मग कराची थकबाकी, आणि चाळीसच्या दशकात नगरपालिकेकडून दुसऱ्याला विक्री. मधली वर्षं दुष्काळाची. जॉन पॅलिसरच्या मोहिमेने १८५७ ते १८६० दरम्यान याच टापूला शेतीला अयोग्य म्हटलं होतं. पुढे पाऊस बरा झाला तेव्हा सगळ्यांनी ते सोयीस्कर विसरून टाकलं. १९३७ मध्ये या प्रांतात गव्हाचा उतारा एकरी तीन बुशेलांच्याही आत आला. बियाणंसुद्धा फिटेना. लोकांनी मोटारीचं इंजिन काढून तिला घोडे जुंपले आणि तत्कालीन पंतप्रधानांच्या नावावरून त्या गाडीला बेनेट बग्गी म्हटलं. पूर्वेकडून मदत म्हणून खारवलेला कॉड मासा आला. तो शिजवायचा कसा हे गव्हाच्या मुलखात कुणाला कळेना.

आता सध्याच्या मालकीणबाई. वय ऐंशीच्या पुढे, पिकअप स्वतः चालवतात. रुंदीकरणाच्या खुंट्या बघायला त्या आल्या तेव्हा मी रीतसर सगळं दाखवलं: जुनी हद्द इथे, नवीन इथे, गुलाबी फीत बांधलेल्या काठ्या म्हणजे घेतली जाणारी पट्टी. कॅरागानाची पूर्वेकडची रांग तीत जात होती. त्या रांगेकडे बघत राहिल्या. ही रोपं सरकारी होती, म्हणाल्या. इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेतून शेतकऱ्यांना वारा अडवायची झाडं फुकट मिळायची. ती योजना शंभरावर वर्षं चालून २०१३ मध्ये बंद पडली.

मग मी घराचं विचारलं.

"त्याला काय झालंय? ते गावात आहे की."

आठ मैलांवरच्या गावात, धान्याच्या कोठाराच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका हिवाळ्यात सोळा घोडे लावून ते ओढत नेलं. वाटेत कपाटातली एक कपबशीही फुटली नाही असं त्यांनी सांगितलं. हे मात्र मला पटलं नाही. ओढून नेलेल्या प्रत्येक घराबद्दल लोक हेच सांगतात. घराला पुढे पडवी निघाली, मागे न्हाणीघर आलं, बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्या गेल्या. आता तिथे एक फिलिपिनो जोडपं भाड्याने राहतं, दोघंही वृद्धाश्रमात कामाला. आणि ते कुटुंब? ते उत्तरेला मेडो लेककडे गेलं, जिथे झाडं आणि पाणी होतं. दुष्काळात इथली पुष्कळ माणसं तशीच उत्तरेला गेली. थोरली मुलगी ख्रिसमसला पत्र पाठवायची, सत्तरच्या दशकापर्यंत.

"पण ती पेटी ठेवलीय ना तिथे, तिच्या पानावर लिहिलंय की घर जळालं आणि कुणाला काही माहीत नाही."

"तो मास्तर? आला होता माझ्याकडे, परवानगी मागायला. डबा ठेवू का म्हणाला, मी ठेव म्हणाले." बाई थोडं थांबल्या. "परवानगी मागितली. माहिती नाही मागितली."

मी हे मनातल्या मनात बऱ्याचदा घोळवलं. विसरलेला इतिहास म्हणून आपण ज्याच्यामागे हुरहुरतो तो अनेकदा आठ मैलांवर कॉफी पीत बसलेला असतो. मास्तरचा दोष म्हणून हे मी सांगत नाही. निदान त्याने लोकांना त्या जागेपर्यंत आणलं. फाइलने विचारलं किती एकर, तिला तेवढंच उत्तर मिळालं. खेळाने विचारलं कुठे, त्यालाही मिळालं. १९८० मध्ये प्रांताला ७५ वर्षं झाली तेव्हा गावोगावी जाडजूड ग्रामेतिहास छापले गेले. त्या गावच्या ग्रंथालयातलं पुस्तकही मी चाळलं. कुटुंबांच्या हकिगती आडनावांच्या क्रमाने, लग्नांचे फोटो, बेसबॉलचे संघ. या कुटुंबाचं पान नाही. असणार कसं? प्रत्येकाने आपापली हकिगत लिहून द्यायची होती, आणि हे लोक तोवर चार दशकं गावात नव्हते. त्या पुस्तकांनी विचारलं, इथे कोण आहे? गेले त्यांनी हात वर कसा करायचा?

बाईंनी निघताना आणखी एक गोष्ट दाखवली. चौकोनाच्या पश्चिमेला एक गोटाळ उतार आहे, तो त्यांच्या वडिलांनी कधी नांगरला नाही. गवतात वाकून पाहिल्यावर दगडांचं एक कडं दिसलं. सहा-सात पावलं रुंद, दगड निम्मे मातीत बुडालेले, वरून नारिंगी दगडफूल चढलेलं. जरा वर आणखी एक. कातड्याच्या तंबूची, टीपीची, कड दाबून धरायला ठेवलेले हे दगड. तंबू हलला की दगड तिथेच राहायचे. पेटीपासून अंतर पन्नास पावलंसुद्धा नसेल. पानावरची हकिगत सुरू होते ती मात्र १९१० पासून.

सप्टेंबर १८७४ मध्ये फोर्ट क्वापेलला क्री आणि सोटो लोकांबरोबर करार झाला, करार क्रमांक ४, त्यात हा सगळा दक्षिण मुलूख आला. १८७९ च्या सुमाराला गवे संपले. १८८५ नंतर तर राखीव क्षेत्राबाहेर पाऊल टाकायला सरकारी बाबूची चिठ्ठी लागायची. म्हणजे डकोटातून आलेल्या माणसाला दहा डॉलरला १६० एकर, आणि ज्यांची कडी उतारावर पडली होती त्यांना तिथे नुसतं यायलाही परवाना. या टाउनशिपची मूळ टिपणवही माझ्याकडे होती. माझ्याच धंद्यातल्या त्या माणसाने मातीचा कस, पाणथळ जागा, गाडीवाटा, सगळं बारकाईने लिहिलंय. त्याची मोजणीरेषा उतारापासून हाकेच्या अंतरावरून गेली. दगडांबद्दल ओळ नाही. त्याला मातीचा कस विचारला होता.

कडी नव्या पट्टीत येत नव्हती, तरी मी नकाशात ती दाखवली आणि टीप लिहिली. साहेबांनी विचारलं, याची गरज काय? म्हटलं, खडी टाकायला आलेला ठेकेदार यंत्र उभं करायला सपाट उतारच शोधतो. त्यांनी टीप राहू दिली.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. जोडीदाराने मास्तरला कळवलं. मला वाटलं होतं त्याला राग येईल. उलट तो दुसऱ्याच दिवशी वही घेऊन मालकीणबाईंकडे जाऊन बसला. नवीन पान मोठं झालं, जरा जास्तच मोठं, कारण बाईंनी घोड्यांची नावंसुद्धा सांगितली होती. कड्यांविषयी दोन वाक्यं आली, पण त्यांचे आकडे जाहीर करायचे नाहीत असं ठरलं. ते योग्यच झालं. माणसं आठवण म्हणून दगड उचलतात. पूर्वेची रांग गेली, तशी पेटी पश्चिमेच्या रांगेत आली आणि आकडे बदलले. शेवटचे दोन अंक मी माझ्या यंत्राने मोजून दिले. त्यांना इतक्या नेमकेपणाची काही गरज नव्हती.

रांग काढायच्या आधी बाईंनी तिच्या बुडातला रूबार्बचा गड्डा कुदळीने फोडून एक तुकडा मला दिला. ही वनस्पती शंभर वर्षं कुणी पाणी न घालताही तग धरते. घर गेलं तरी मोरीपाशी लावलेला रूबार्ब जात नाही, आणि मोजणीत स्वयंपाकघराची बाजू ओळखायला मला त्याचा उपयोग होतो. पानं विषारी, देठ तेवढे खायचे. मी सस्काटूनला परसात लावला. साखर घालून 'पाय' हा गोड पदार्थ करायचा सोडून हरभऱ्याची डाळ, लसूण आणि तिखट घालून भाजी केली, अंबाडीसारखी लागते. आईला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "अगं, पण भाकरी कुठली?" ज्वारीचं पीठ संपलं होतं, ते सांगितलं नाही.

परवा जोडीदाराने नव्या पानाखालची पहिली नोंद दाखवली. रेजायनाहून एक कुटुंब आलं होतं, दोन मुलांसकट. त्यांनी लिहिलं होतं: हकिगत सगळी वाचली, गावात जाऊन बाहेरून घरही बघून आलो, त्या ताईंनी मुलांना केळ्याचे तळलेले रोल दिले. पेटी लगेच सापडली. मे महिन्यात येणार असाल तर पॅंट मोज्यात खोचा, गोचिडी फार आहेत.